ताकातून दोन चमचे

ड्रमचं झाकण निघालं की नाना अंगठा आणि तर्जनी आत बुडवायचे, बोटं वर घ्यायचे आणि सावकाश एकमेकांपासून लांब न्यायचे. मधे तपकिरी तार धरायची. ती तुटेपर्यंत ते तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत. मग बोट जिभेला लावून डोळे मिटत आणि निकाल देत, "जाऊ दे पुढं. यो काम करल."

माझी प्रयोगशाळा वरच्या माळ्यावर. त्याच ड्रमचा नमुना माझ्याकडे यायचा. मी तो ठरलेल्या तापमानाला आणायची, यंत्रात लावायची, तासाभरानं आकडा घेऊन खाली यायची आणि ऐटीत सांगायची, "पास आहे." तोवर नानांनी अर्धा ड्रम ओतलेला असायचा. त्यांचं बोट चुकलेलं मला दोनदाच आठवतंय. माझं यंत्र किती वेळा चुकलं ते विचारू नका.

"नाना, खाण्याचा माल आहे, हातमोजे घाला हो," मी करवादायची.

"मोजा घातला तं मना कसा कलंल?"

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या गावात, शिरवण्यात, दहा जण ओळखतील, आणि त्या घरात आधीच पुरेसं झालंय. कारखान्यात त्यांना सगळेच नाना म्हणायचे, तेवढं पुरे.

आमचा कारखाना नवी मुंबईत, महाप्याला. काम लेसिथिनचं. बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात तुम्ही हा शब्द वाचला असेल आणि सोडून दिला असेल. सोयाबीनचं तेल शुद्ध करताना काकवीसारखा एक चिकट पदार्थ निघतो, ते लेसिथिन. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्या दोघांना हे एकत्र धरून ठेवतं. म्हणून बिस्किटात, चॉकलेटात, आइस्क्रीममध्ये ते लागतं. आमच्याकडे ड्रम यायचे. नाना ते गरम खोलीत ठेवून पातळ करायचे, गाळायचे, कॅनमध्ये भरायचे. शेजारच्या खोलीत त्याचेच कोरडे पिवळे दाणे बनायचे. ते एक गिऱ्हाईक डब्यात भरून शक्तीचं म्हणून विकायचं. डब्यावर हृदयाची खूण म्हणून पत्त्यांतला असतो तसा मोठा लाल बदाम छापलेला.

माझं माहेर लातूरकडचं, सोयाबीनच्या मुलखातलं. नानांना याचं फार अप्रूप. "मॅडमच्या बापानं पेरायचं, मी ढवलायचं, आन् मुंबईनं खायचं. आख्ख्या मुंबईच्या बिस्किटात माजा हात हाय," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. हात खरोखरच असायचा, हे मी कोणाला सांगत नसे.

भांडणं मिटवायची त्यांना दांडगी हौस. एकदा टँकरचा ड्रायव्हर आणि गेटवरचा वॉचमन असे जुंपले की दोघांनी एकमेकांच्या शर्टाला हात घातला. नाना गेले, दोघांच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, "तू तेल, तो पानी. आता मी मदी आयलू, आता काय करनार?" दोघंही हसले. शर्टाचं बटण मात्र ड्रायव्हरचं गेलं ते गेलंच. नानांनी दुसऱ्या दिवशी घरून सुईदोरा आणून ते लावून दिलं.

असा माणूस. आता जे सांगणार आहे ते मला सोपं नाही, पण सुरुवात माझ्याचपासून झाली, तर मीच सांगायला हवं.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी होती. कामगारांना आपण काय बनवतो ते माहीत असावं, म्हणून एक वर्ग घ्यायचं फर्मान निघालं. मी उंच काचेच्या नळीत अर्धं पाणी, अर्धं तेल घातलं. दोन थर वेगळे उभे राहिले. लेसिथिनचा एवढासा गोळा टाकून नळी बंद केली आणि खसाखसा हलवली. सगळं दुधासारखं पांढरं झालं. पंधरा-वीस माणसं माना पुढे काढून बघत राहिली. इतकी वर्षं जे ढवळलं ते काय करतं, हे नानांनी त्या दिवशी पहिल्यांदा काचेतून पाहिलं.

"मॅडम, आंगातली चरबी पन आशीच फुटंल?"

मला काय चेव आला देव जाणे. एवढ्या उत्सुकतेनं मला कॉलेजातही कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "अगदी बरोबर नाना! आपल्या पित्तातही लेसिथिन असतं. जेवणातली चरबी आतड्यात अशीच बारीक बारीक फुटते, म्हणून तर ती पचते."

वाक्य खरं होतं. पुस्तकात उघडून दाखवेन. पण मी आतड्याबद्दल बोलत होते, आणि नानांनी ते कशाबद्दल ऐकलं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

खाण्याचा माल हाताळणाऱ्यांची वर्षाला डॉक्टरी तपासणी होते. त्या वर्षी नानांच्या ईसीजीच्या पट्टीवर डॉक्टर अडले. पुढच्या तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्यांत चरबी साठलीय, अँजिओग्राफी करा, तोवर या गोळ्या रोज आणि दुखलंच तर ही एक जिभेखाली, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. नाना आठवडाभर गप्प होते. मग एकदम खुलले. चेहऱ्यावर तजेला, चालणं हलकं. सगळे म्हणायला लागले, नानांना गोळ्या मानवल्या.

एके दुपारी ते वर माझ्याकडे आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं लय उपकार हायेत."

"माझे? कसले?"

"गोल्या बंद केल्या. डोकं धराचं त्यांनी. आता सकालचं दोन चमचे दाने, ताकातून. चरबी सारी फुटून जानार. तुमीच दाखवलंत ना."

डबा त्यांनी रीतसर विकत घेतला होता. कारखान्यातला दाणाही फुकट उचलायचा माणूस नव्हता तो. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि बोलबोल बोलले. नाना, नळीत आणि अंगात फरक आहे. पोटात गेलं की हे पचतं, त्याचं पार दुसरं काहीतरी होतं. ते हृदयाच्या नळीपर्यंत जाऊन तिथली चरबी धुवत नाही. खा तुम्ही, ते काही विष नाही, पण गोळीच्या जागी खाऊ नका. गोळीच्या जागी खाल्लंत तर मराल.

मराल, असंच म्हणाले. स्पष्ट बोलायची सवय आहे मला.

नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मंग डब्यावर बदाम कशाला छापलाय?"

तोच प्रश्न घेऊन मी मालकांकडे गेले. मालक म्हणाले, डबा गिऱ्हाइकाचा, चित्र गिऱ्हाइकाचं, आपण फक्त दाणे देतो. मी तणतणत परत आले. नाना जिन्याखाली उभेच होते. "काय बोलले?" त्यांनी विचारलं, आणि माझं तोंड बघून समजुतीनं मान हलवली. जणू मीच हरले होते आणि त्यांना माझी दया येत होती.

"येक करा," ते म्हणाले. "गोल्यांचं घरात बोलू नका. काकूला सांगितलंत तं ती हातपाय गालंल. तिचा जीव येवडासा हाय."

काकू म्हणजे त्यांची बायको. मी हो म्हटलं. का म्हटलं? तेव्हा वाटलं, हातात एक दोरा राहू दे. घरी सांगितलं तर माझ्याशी बोलणंच टाकतील, मग समजवायचं कोणी? शहाणपणा कुठे नडतो पाहा.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली म्हणा ना. बायका घरात दूध उतू जातंय का ते बघतात तशी. नाना पूर्वी एकट्यानं ड्रम तिरका करून ढकलायचे, ते आता कोणाला तरी हाक मारायचे आणि वर त्यालाच शिकवल्याचा आव आणायचे. मधेच डाव्या खांद्याला झटका द्यायचे. विचारलं तर "वात हाय." मी महिन्यातून दोनदा भांडायची. ते दर वेळी हसून म्हणायचे, "तुमी तेल, मी पानी." मला हसू यायचं बंद झालं होतं.

आणि एवढ्यावर थांबले असते तर! जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टीलच्या पेल्यात माझा तो प्रयोग करून दाखवायला सुरुवात केली. तेल, पाणी, बोटभर लेसिथिन, वर थाळी झाकून खसाखसा. "यो मॅडमनी दाखवलाय. मॅडम शिकलेली हाय, खोटं सांगंल का?" एकदा मी जिन्यात उभी राहून हे पुरतं ऐकलं. खाली जाऊन पेला हिसकावून घ्यावासा वाटला. चार लोकांत म्हाताऱ्या माणसाचा अपमान कसा करायचा, म्हणून वर निघून गेले.

एका रविवारी त्यांनी आम्हा दोघीतिघींना जेवायला बोलावलं. खाडीचा जिताडा मासा मिळाला होता आणि तो एकट्यानं खाणं त्यांच्या मते पाप. शिरवण्यात त्यांची चार मजली इमारत, गावठाणातल्या स्वतःच्या जागेवर उभी केलेली. खाली दुकानं, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर भाडोत्री, तिसऱ्यावर ते दोघं, वर पोरगा आणि सून. लिफ्ट नाही.

नाना आम्हाला न्यायला खाली आले होते. पहिल्या मजल्यावर पोचलो तसे थांबले आणि उघड्या दारात डोकावून विचारलं, "काय ताई, पानी आलता का?" आतल्या बाईशी पाच मिनिटं बोलले. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबले, कोणाच्या तरी मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारलं. ती भाडेकरीण कौतुकानं मला म्हणाली, "नाना हल्ली किती प्रेमानं चौकशी करतात हो! पूर्वी मोटर चालू राहिली की ओरडायलाच यायचे."

मी त्यांच्या मागच्याच पायरीवर होते. त्यांचा तळहात भिंतीवर टेकलेला होता आणि उचलला तेव्हा चुन्यावर ओला ठसा उमटला होता. प्रत्येक मजल्यावर ते दम खायला थांबत होते, आणि अख्ख्या इमारतीला वाटत होतं की म्हातारा मायाळू झालाय.

काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण असं केलं होतं की बोटं चाटावीत. नानांनी कालवणावरचा लाल तवंग चमच्यानं बाजूला करून मला दाखवला. "ही चरबी. सकालचं दोन चमचे, ताकातून. संपला इषय."

काकू वाढता वाढता माझ्यापाशी बसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या औषदानी माजा मानूस उबा हाय. आमी कोन तुमचे, तरी तुमी येवडं केलंत."

नानांचा घास हातात तसाच थांबला होता. ते माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यात. विश्वास होता, ही बोलणार नाही याचा.

मी म्हणाले, "काकू, कालवण फार छान झालंय."

हे वाक्य आठवलं की अजून माझं तोंड कडू होतं. निघताना त्या माउलीनं सुकटीची पिशवी हातात दिली. मी ती घेतली, हसले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी गरम खोलीचं दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "नाना, आता बस्स. तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरकडे येताय, नाहीतर मी आज संध्याकाळी काकूंना सांगते." ते ड्रमवर थाप मारत उभे राहिले. मग म्हणाले, "गावची जत्रा होऊन जाऊ द्या. पालकीला खांदा द्याचा हाय. येत्या सोमवारी चला."

"नक्की?"

"देवाशपत."

मी सोमवारची वेळ घेतली. रजा टाकली. पालखीला खांदा देऊ नका म्हणून सांगितलं, त्यांनी दिलाच. दोन दिवस अंग दुखतंय म्हणत होते. मला वाटलं, पालखीनं अंग आंबलं असेल, आता सोमवार काही लांब नाही.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला पॅकिंगमधली एक ताई धावत वर आली. "मॅडम, नानांना गॅस झालाय, घामानं न्हालेत."

"कधीपासून?"

"झाली पंधरा मिनिटं. म्हणाले, दाणे दे पाण्यातून, गॅस बसला की बरं वाटेल. थंड पाण्यात विरघळेनात मेले, म्हणून ढवळत बसले मी."

तिचा काय दोष? तिच्याही डोळ्यांदेखत नानांनी तो पेला दहा वेळा हलवला होता, मॅडमच्या नावानं.

मी खाली पोचले तेव्हा ते स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हातांत पेला. चेहरा राखेच्या रंगाचा. मिशीवर पांढरी रेघ. मी त्यांचे खिसे उलटेपालटे केले. फणी निघाली, रुमाल निघाला, तंबाखूची डबी निघाली. "जिभेखालची गोळी कुठेय, नाना?"

"ती कशाला? यो घेतला ना."

कंपनीच्या गाडीत त्यांना आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढे कंटेनर उलटला होता, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी फोन बाहेर काढला तसं नानांनी माझं मनगट धरलं. त्या हातात ड्रम ढकलायची ताकद असायची, आता पकड मांजराच्या पिल्लासारखी होती. "काकूला नको. हातपाय गालंल ती."

मी फोन ठेवून दिला. आताही त्यांचंच ऐकलं. इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मनगटावरची पकड सुटलेली होती, आणि डॉक्टरांनी आत नेऊन पाच मिनिटांत बाहेर येऊन मान हलवली. काकूंना मग दुसऱ्याच कोणीतरी फोन केला.

दहाव्याला गेले तर इमारतीखाली माणसं बोलत होती. नळ्या चोंदलेल्या असून माणसानं त्या औषधावर दीड वर्ष काढलं, शेवटी गॅस छातीत चढला म्हणून गेला, नाहीतर काही होत नव्हतं. नानांचा धाकटा भाऊ मला विचारत होता, ते दाणे कारखान्यातून मिळतील का. मी "बघते" म्हटलं आणि पळ काढला. पळच तो.

गरम खोलीत आता दुसरा माणूस आहे. हातमोजे घालतो, माझ्या आकड्याची वाट बघतो, तोवर ड्रमला हात लावत नाही. त्याचं काम चोख आहे आणि मला त्या खोलीत जाववत नाही.

महिना-दीड महिना गेला असेल. दुपारी गेटवरून फोन आला, नानांच्या घरून कोणी आलंय. काकू होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या. पदराखालून त्यांनी लाल बदामाचा रिकामा डबा काढला. "मॅडम, संपला. दुकानात भेटत नाय. जिना चढताना मना पन आता छातीत भरून येतं. तर म्हटलं, तुमालाच इचारावं."

बोलायला लागले असते तर पुन्हा वर्ग घेत बसले असते. त्यांचा हात धरला, रिक्षा थांबवली आणि नेरूळच्या दवाखान्यात घेऊन गेले. रस्ताभर त्या "येवडं काय मॅडम, दोन चमचे दिलंत तरी चाललं असतं" म्हणत होत्या. मी हात सोडला नाही.

आत सिस्टरनं त्यांना पलंगावर निजवलं, मनगटांना चिमटे लावले, छातीवर वायरी चिकटवल्या आणि कागद भरता भरता विचारलं, "घरात कोणाला हार्टचा त्रास?"

"आमच्या मालकांना व्हता," काकू म्हणाल्या. "पन तो बरा झालता. ते गॅसनी गेले."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"ह्या आमच्या मॅडम," काकूंनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. "यांनीच तं दिलं त्यांना औषद."

मी म्हटलं, "सिस्टर, हार्टनेच गेले ते. गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी. ते औषध नव्हतं. तसं लिहा."

सिस्टरनं लिहिलं. काकू छताकडे बघत होत्या. मग डोकं न हलवता त्यांनी विचारलं, "गोल्या बंद केलेल्या तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून."

"आमच्याकडं जेवाला आलतात, तवा?"

"हो, काकू."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. रडत नव्हत्या. फक्त बघत होत्या, ओळखीचं माणूस गर्दीत नीट दिसेना झालं की बघतात तसं. "मंग मना का नाय सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मी तं त्यांना हाताला धरून आनला असता."

"आता बोलू नका, हलू नका," सिस्टर म्हणाली आणि तिनं यंत्राचं बटण दाबलं.